कोणी कोणत्या वर्गात बसायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे निबंध बहुधा बारावीबरोबर संपतो. महाविद्यालयात आल्यावर आपण टिपणे काढतो, 'सविस्तर विवेचन करा' अशा प्रश्नांना पानेच्या पाने भरून देतो. पण लिहावे कसे, हे शिकवणारा स्वतंत्र विषय क्वचितच आपल्या वाट्याला येतो. अमेरिकेत तसे नाही. तिकडच्या बहुसंख्य महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लेखनाचा अभ्यासक्रम पुरा करावाच लागतो, मग तो इतिहासाचा असो, रसायनशास्त्राचा असो की इंजिनिअर होऊ पाहणारा असो. या विषयाला तिकडे 'कॉम्पोझिशन' म्हणतात. वाचलेल्या मजकुरावर स्वतःचे मत मांडणे, त्या मताला आधार देणे, केलेला खर्डा शिक्षकाला दाखवून पुन्हा लिहिणे, अशी कामे त्यात असतात.

व्यवस्था चांगली आहे, यात शंका नाही. परंतु वर्ग सुरू होण्यापूर्वीच एक अवघड प्रश्न उभा राहतो. नवे विद्यार्थी सारखी तयारी घेऊन येत नाहीत. कोणाच्या घरी पुस्तकांची कपाटे असतात, तर कोणाच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला असतो. मग कोणाला थेट मुख्य वर्गात घ्यायचे आणि कोणाला आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसवायचे? हे ठरवण्याच्या पद्धतीला तिकडे 'प्लेसमेंट' म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने नोकरी मिळण्याचा बोध होतो, म्हणून या लेखापुरते आपण तिला 'वर्गनिश्चिती' म्हणू.

ही वर्गनिश्चिती न्याय्य कशी करावी, यावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद चालू आहे. त्या वादाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू. विषय परदेशातला असला तरी तो परका नाही. पुढील वर्षापासून आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या वर्गाच्या चाचणी घेऊन दोन तुकड्या कराव्यात, अशी चर्चा यंदा चालू आहे. तेव्हा ज्यांनी हा प्रयोग शंभर-सव्वाशे वर्षे करून पाहिला, त्यांच्या हाती काय लागले, हे आधी पाहिलेले बरे.

जुने दुखणे

१८७४ साली हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाची अट घातली. नेमून दिलेल्या साहित्यकृतींवर उमेदवाराने छोटा निबंध लिहायचा, आणि त्यात शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व मांडणी पाहिली जायची. हे उमेदवार बहुतांशी सुखवस्तू घरांतले आणि नामवंत शाळांतले; तरीही अनेकांचे लेखन परीक्षकांच्या पसंतीस उतरेना. १८८५ च्या सुमारास तेथे पहिल्या वर्षासाठी लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. पुढच्या दशकात विद्यापीठाच्या समितीने अहवाल काढून शाळांवर ठपका ठेवला, की मुलांना साधे इंग्रजी लिहिता येत नाही आणि ते शिकवण्याचे ओझे महाविद्यालयावर पडते. 'हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही' हे वाक्य किती जुने आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने १८९८ साली 'सब्जेक्ट ए' नावाची अट लागू केली. तीत जो कमी पडेल त्याने पूर्वतयारीचा वर्ग करायचा. विद्यार्थ्यांनी या वर्गाला नाव ठेवले 'बोनहेड इंग्लिश', म्हणजे मठ्ठांचे इंग्रजी. हे टोपणनाव अनेक पिढ्या टिकले आणि देशभर पसरले. वर्गनिश्चितीचा निकाल कागदावर 'या विद्यार्थ्याला थोडी अधिक मदत हवी' असा असतो. विद्यार्थ्याच्या कानी मात्र तो 'तू मठ्ठ आहेस' असा पडतो. अशा वर्गांना 'रेमिडिअल' असा शब्द रूढ झाला. त्यातही औषधोपचाराचाच अर्थ आहे. आपल्या शिक्षणशास्त्रातही 'उपचारात्मक अध्यापन' हाच शब्द आहे. शिकायला आलेला माणूस आजारी आहे, असे आपण का धरून चालतो?

न्यूयॉर्कमधील मुक्त प्रवेश

या प्रश्नाला खरे सामाजिक रूप आले ते न्यूयॉर्क शहरात. तेथील सिटी कॉलेजची स्थापना १८४७ सालची. गरिबांच्या मुलांना विनाशुल्क उच्च शिक्षण देणारी संस्था म्हणून तिचा लौकिक. परंतु प्रवेश गुणांवर असल्याने शहरात कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन वस्ती वाढली, तरी महाविद्यालयात ती दिसत नव्हती. १९६९ साली या समाजांतील विद्यार्थ्यांनी तेथे मोठे आंदोलन केले. त्यानंतर सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने निर्णय घेतला, की शहरातील हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल. १९७० च्या शरद ऋतूत हा 'मुक्त प्रवेश' सुरू झाला.

हजारो नवे विद्यार्थी आले. प्राध्यापकांनी त्यांचे निबंध वाचले आणि अनेकजण हतबुद्ध झाले. ही मुले महाविद्यालयात शिकण्याच्या लायकीचीच नाहीत, असे काहींनी उघड म्हटले. अशा वेळी मीना शॉनेसी या प्राध्यापिकेने वेगळा मार्ग धरला. सिटी कॉलेजच्या या लेखनवर्गांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९७० ते १९७४ या काळात नव्या विद्यार्थ्यांनी वर्गनिश्चितीसाठी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासले आणि १९७७ साली 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या पुस्तकाने या विषयाचा पायाच बदलला. 'रेमिडिअल' ऐवजी 'बेसिक रायटिंग', म्हणजे प्राथमिक लेखन, हा शब्दही त्यांच्यामुळे रुळला.

चुकांमागचे तर्कशास्त्र

शॉनेसींचे म्हणणे थोडक्यात असे: या विद्यार्थ्यांच्या चुका आळसातून किंवा मंदबुद्धीतून आलेल्या नाहीत. ते लेखनात नवखे आहेत, आणि प्रत्येक नवखा चुका करतच शिकतो. त्यांच्या चुका वरवर पाहता विस्कळीत वाटतात. पण नीट मांडून पाहिल्या तर त्यांत नियम सापडतात.

हे आपल्या उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होईल. लहान मूल 'मी केली' ऐवजी 'मी करली' म्हणते. घरातले हसतात. पण 'करली' हा शब्द त्या मुलाला कोणी शिकवलेला नसतो. 'भरली', 'धरली', 'मारली' ऐकून त्याने स्वतः एक नियम शोधलेला असतो आणि तो 'कर' या धातूला लावून पाहिलेला असतो. म्हणजे ही चूक त्याला व्याकरण येत असल्याचा पुरावा आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या वर्गमित्रांचे इंग्रजी असेच तपासून पाहा. 'माय ऑल फ्रेंड्स' हा शब्दक्रम 'माझे सगळे मित्र' याचाच आहे. 'आय टोल्ड टू हिम' यातला 'टू' हा 'त्याला' मधल्या 'ला' चा मान राखण्यासाठी आलेला आहे. 'ए', 'ॲन', 'द' गळतात, कारण मराठीत उपपद नावाची गोष्टच नाही. जे आपल्या भाषेत नाही ते कुठे घालायचे याची जाणीव वाचनानेच येते. 'आय डिड नॉट वेंट' लिहिणाऱ्याला भूतकाळ ठाऊक नाही असे नव्हे. त्याने तो दोनदा लावला, इतकेच. या चारही चुकांवर लाल शाईची एकच फुली पडते. पण एकीचे मूळ मातृभाषेत आहे, दुसरीचे अपुऱ्या वाचनात, तिसरीचे अतिदक्षतेत. ज्याला हे ओळखता येते, तो शिक्षक चार दिवसांत चूक सुधारू शकतो. जी चाचणी केवळ फुल्या मोजते, तिला यातले काहीच कळत नाही.

बोलीचा प्रश्न याला लागूनच आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीला स्वतःचे व्याकरण आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी १९६० च्या आणि ७० च्या दशकांत दाखवून दिले. १९७४ साली महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेने ठराव संमत केला, की विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेचा, स्वतःच्या बोलीचा अधिकार आहे. ठरावावर पुष्कळ वादंग झाले. प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का, असे विरोधकांनी विचारले. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपल्याकडे 'पाणी' ला 'पानी' म्हणणारा मुलगा प्रमाण मराठी लिहायला शिकतो आणि शिकलेच पाहिजे. पण ज्या दिवशी तो वर्गात येतो, त्या दिवशी त्याच्या 'न' वरून त्याची बुद्धी मोजणे हा अन्याय आहे.

तराजू कितपत खरा?

आता चाचणीकडे वळू. मोजमापाच्या साधनाला शिक्षणशास्त्रात दोन कसोट्या लावतात. एक विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजले तरी उत्तर तेच येणे. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे. बाजारातला एखादा तराजू प्रत्येक वेळी शंभर ग्रॅम जास्तच दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे. सप्रमाण मात्र नाही.

निबंधाची अडचण विश्वसनीयतेत आहे. १९६१ साली पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना दिले. वाचकांत इंग्रजीचे, समाजशास्त्रांचे व विज्ञानाचे प्राध्यापक होते, तसेच वकील, संपादक आणि उद्योगव्यवसायातील मंडळीही होती. प्रत्येकाने स्वतंत्रपणे निबंधांना नऊपैकी एक श्रेणी द्यायची होती. निकाल असा आला, की ३०० पैकी १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! म्हणजे तोच निबंध कोणाला अत्युत्तम वाटला, तर कोणाला अगदी टाकाऊ. पाचांपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. कोणी कल्पनांना महत्त्व दिले, कोणी शुद्धलेखनाला, कोणी मांडणीला, कोणी शब्दकळेला. चूक कोणाचीच नव्हती. प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत होता.

यावर उपाय म्हणून परीक्षकांना आधी एकत्र बसवून नमुन्याचे निबंध वाचायला लावणे, एक श्रेणीपट ठरवणे आणि प्रत्येक निबंध दोघांकडून तपासून घेणे, अशी पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्कच्या विद्यापीठाने १९७८ पासून ५० मिनिटांची अशीच लेखनचाचणी घेतली. विश्वसनीयता वाढली खरी. पण ५० मिनिटांत, अनोळखी विषयावर, पुन्हा लिहिण्याची मुभा नसताना लिहिलेला एक निबंध, आणि वर्षभर खर्डे सुधारत करायचे लेखन, या दोहोंत फार अंतर आहे. शिवाय विषय कोणता, यावर बरेच अवलंबून. आपल्या शाळेत 'मी केलेला विमानप्रवास' हा निबंध विमान न पाहिलेल्या मुलांनीही लिहिला आहे. तो लिहिता येतो. पण ज्याने प्रवास केला आहे त्याला सांगायला काही असते, बाकीच्यांना मार्गदर्शकातले पाठ करावे लागते.

अमेरिकेतील सॅट या प्रवेशपरीक्षेत २००५ साली २५ मिनिटांचा निबंध आला. एमआयटीचे प्राध्यापक लेस पेरेलमन यांनी नमुन्याचे निबंध तपासून दाखवले, की निबंध जितका लांब तितके गुण जास्त, असाच कल दिसतो. आणि मजकुरातली माहिती चुकीची असली तरी गुण जात नाहीत. 'पुरवण्या जास्त घेतल्या की मार्क जास्त' हा आपल्या परीक्षामंडपातील समज केवळ आपलाच नाही, हे वाचून मला गंमत वाटली. हा निबंध २०१६ साली ऐच्छिक झाला आणि २०२१ साली बंद करण्यात आला.

निबंधाला कंटाळून अनेक महाविद्यालयांनी संगणकावरील बहुपर्यायी चाचण्या स्वीकारल्या. 'कंपास' आणि 'ॲक्युप्लेसर' या त्यांतल्या सर्वाधिक प्रचलित. वाक्य दाखवायचे, चार पर्याय द्यायचे, योग्य तो निवडायचा. या चाचण्या स्वस्त आणि विश्वसनीय. निकाल लगेच हाती. परंतु दुसऱ्याच्या वाक्यातली चूक ओळखणे म्हणजे स्वतः लिहिणे नव्हे. पोहण्याचे नियम विचारून कोणाला विहिरीत सोडायचे हे ठरवण्यासारखेच हे झाले.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील संशोधकांनी या चाचण्यांचे निकाल आणि विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष कामगिरी पडताळून पाहिली. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, चाचणी देणाऱ्यांपैकी इंग्रजीत सुमारे तिघांमागे एकाची आणि गणितात सुमारे चौघांमागे एकाची वर्गनिश्चिती गंभीररीत्या चुकलेली होती. त्यातही खालच्या वर्गात विनाकारण बसवलेल्यांची संख्या जास्त होती. हायस्कूलच्या चार वर्षांचे गुण विचारात घेतले, तर या चुका बऱ्याच कमी होतात, असेही त्यांना आढळले. 'कंपास' चाचणी २०१६ साली बंद झाली.

न दिसणारी चूक

येथे मला या साऱ्या विषयाचे मर्म सापडते. वर्गनिश्चितीत दोन प्रकारच्या चुका होतात. तयारी नसलेला विद्यार्थी वरच्या वर्गात जातो, ही एक. तयारी असलेला विद्यार्थी खालच्या वर्गात बसवला जातो, ही दुसरी. पहिली चूक सर्वांना दिसते. विद्यार्थी नापास होतो, शिक्षक तक्रार करतात, टक्केवारी घसरते. दुसरी चूक मात्र कधीच दिसत नाही. खालच्या वर्गात बसलेला तो विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि सगळे म्हणतात, 'पाहा, या वर्गाचा त्याला किती फायदा झाला!' तो कंटाळून महाविद्यालय सोडून गेला, तर म्हणतात, 'पाहा, त्याची तयारी नव्हतीच.' काहीही झाले तरी चाचणी खरी ठरते. म्हणून केवळ शिक्षकांच्या अनुभवावर भरवसा ठेवला, तर संस्था हळूहळू अधिकाधिक विद्यार्थ्यांना खाली बसवू लागते, आणि तेही कोणाच्या मनात दुष्टावा नसताना.

खाली बसण्याची किंमतही लहान नसते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पूर्वतयारीच्या वर्गाची फी भरावी लागे; मात्र त्याचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत. काही महाविद्यालयांत एकाखाली एक असे दोन-तीन वर्ग असत. समजा, १०० विद्यार्थी मुख्य वर्गाच्या दोन पायऱ्या खाली बसवले. दर पायरीला ८० टक्के उत्तीर्ण होतात आणि उत्तीर्णांपैकी ८० टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात, असे धरू. दोन्ही आकडे चांगलेच आहेत. पहिल्या पायरीवर ८० उत्तीर्ण, पुढे ६४ जातात; दुसऱ्या पायरीवर ५१ उत्तीर्ण, पुढे ४१ जातात; आणि मुख्य वर्गात शेवटी जेमतेम ३३ उत्तीर्ण होतात. कोणत्याही एका शिक्षकाने आपले काम वाईट केलेले नाही. तरीही १०० पैकी ६७ गळाले. पायऱ्यांची संख्या हेच गळतीचे कारण आहे.

डेव्हिड बार्थोलोमे या प्राध्यापकांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आपल्याच क्षेत्राला खडे बोल सुनावले. 'प्राथमिक लेखक' अशी वेगळी जात अस्तित्वात आहे म्हणून हे वर्ग चालतात, की वर्ग चालतात म्हणून ती जात टिकून राहते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

शोधलेल्या वाटा

टीका झाली तसे प्रयोगही झाले. त्यांतले चार सांगण्याजोगे आहेत.

पहिला मिशिगन राज्यातील ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीचा. १९९६ साली डॅनियल रॉयर आणि रॉजर गिलीज या प्राध्यापकांनी तेथे चाचणीच रद्द केली. नव्या विद्यार्थ्यांना दोन्ही वर्गांत काय चालते ते समजावून सांगायचे, वाचन-लेखनाच्या सवयींविषयी काही विधाने त्यांच्यापुढे ठेवायची आणि वर्ग त्यांनीच निवडायचा. यात विद्यार्थ्याला प्रौढ माणूस म्हणून वागवले जाते, ही मोठी गोष्ट. आक्षेप असा, की आत्मविश्वास हा काही क्षमतेच्या प्रमाणात वाटलेला नसतो. ज्याच्या घरात विचारायला कोणी नाही, ज्याने आजवर 'तुला जमणार नाही' एवढेच ऐकले आहे, तो आपण होऊन खाली बसेल. मी स्वतः घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. प्रवेशाच्या वेळी असा कागद हाती आला असता, तर मी न वाचताच सोप्या वर्गावर खूण केली असती. म्हणून या पद्धतीत 'निवड' या शब्दापेक्षा 'समजावून सांगणे' या शब्दांना अधिक महत्त्व आहे.

दुसरा ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा, १९९० च्या दशकातील. येथे एका सत्राचा मुख्य अभ्यासक्रमच दोन सत्रांत ताणून शिकवतात. काम तेच, अपेक्षा त्याच, वेळ दुप्पट, आणि दोन्ही सत्रांचे श्रेयांक मिळतात.

तिसरा बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजचा. पीटर ॲडम्स यांच्या पुढाकाराने २००७ साली तो सुरू झाला. ज्यांना चाचणीने खाली बसवले असते, त्यांतल्या थोड्यांना मुख्य वर्गातच इतरांबरोबर बसवतात. आणि तास संपल्यावर तेच शिक्षक त्या थोड्यांचा आणखी एक तास घेतात. म्हणजे मदत मिळते, पण आधी नव्हे, बरोबरीने. पायरीच नाहीशी झाल्यामुळे पायरीवरची गळतीही थांबते.

चौथा कॅलिफोर्नियाचा, आणि तो कायद्याने झाला. २०१७ साली तेथील विधिमंडळाने ठरवले, की राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांनी विद्यार्थ्याला एका वर्षात पदवीच्या दर्जाचा इंग्रजीचा अभ्यासक्रम पुरा करण्याची जास्तीत जास्त संधी द्यावी आणि वर्गनिश्चितीसाठी हायस्कूलचे गुण पाहावेत. २०१९ च्या शरद ऋतूपासून हे सर्वत्र लागू झाले. चारपैकी २.६ किंवा अधिक गुणसरासरी असणारे थेट मुख्य वर्गात. त्याखालचेही मुख्य वर्गातच, पण जादा मदतीची शिफारस घेऊन. परिणाम असा, की पहिल्या वर्षात मुख्य अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांची संख्या खूप वाढली. मात्र वर्गातील उत्तीर्णांची टक्केवारी काहीशी घसरली आणि वांशिक अंतर पुरते मिटले नाही. मुख्य वर्गात बसवणे ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी शिकवण्यात आहे.

न्यूयॉर्कची कथाही पुरी करतो. १९७६ साली आर्थिक संकटात तेथे शुल्क लागू झाले. १९९९ साली चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूर्वतयारीचे वर्ग काढण्याचे ठरले, आणि ज्यांना ते लागत, त्यांना दोन वर्षांच्या महाविद्यालयांकडे वळवण्यात आले. पुढे याच विद्यापीठाने श्रेयांक नसलेले स्वतंत्र पूर्वतयारी वर्गच बंद केले आणि २०२३ साली ते काम पुरे झाल्याचे जाहीर केले. एकच कृती, वर्ग बंद करण्याची. पण पहिल्या वेळी विद्यार्थी बाहेर गेले, दुसऱ्या वेळी मदत मुख्य वर्गात आली. यावरून कळते, की वर्ग आहे की नाही एवढ्यावर न्याय ठरत नाही; विद्यार्थी कोठे पोचतो, यावर ठरतो.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या प्राध्यापकांची अडचण खरी आहे. प्रथम वर्षाच्या एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले, त्यांतली काही इंग्रजी माध्यमाची, बरीचशी मराठी माध्यमाची. सोपे शिकवावे तर पुढची मुले कंटाळतात, अवघड शिकवावे तर मागची वही मिटून बसतात. तेव्हा तुकड्या करण्याच्या कल्पनेमागे सद्हेतूच आहे. पण 'अ' तुकडी आणि 'ब' तुकडी यांचा अर्थ आपल्याकडे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'ब' तुकडीतल्या मुलाला तो कोणी सांगावा लागत नाही.

बारावीच्या गुणांवर तुकड्या पाडाव्यात, असेही एक मत आहे. पण कॅलिफोर्नियाचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. तिकडची सरासरी चार वर्षांच्या, अनेक शिक्षकांनी दिलेल्या गुणांची असते. आपल्याकडे बारावीची लेखी परीक्षा म्हणजे एका दिवसाच्या तीन तासांचा हिशेब. तिला पुरावा मानावे, पण एकमेव पुरावा मानू नये.

तुकड्या करायच्याच असतील, तर वरील इतिहासावरून मला काही अटी सुचतात. चाचणीत पर्यायांवर खुणा नकोत, प्रत्यक्ष लेखन असावे. तेही एकच नव्हे, तर एक वर्गात लिहिलेले आणि एक घरून सुधारून आणलेले. प्रत्येक लेखन दोन प्राध्यापकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावे, आणि मतभेद झाला तर संशयाचा फायदा विद्यार्थ्याला मिळावा. दोन्ही तुकड्यांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि श्रेयांक एकच असावेत. फरक फक्त वेळेत आणि मदतीत असावा. पहिल्या महिन्यात तुकडी बदलण्याची मुभा असावी, आणि ती आहे हे सूचनाफलकावर लावून न थांबता वर्गात येऊन सांगावे. वर्षअखेर केवळ टक्केवारी न पाहता, खाली बसवलेल्यांपैकी किती जणांना तेथे बसवण्याची गरज नव्हती, याचाही शोध घ्यावा. कारण ती चूक आपण होऊन दिसत नाही.

आणि माझा कौल विचाराल तर तो बाल्टिमोरच्या बाजूने आहे. वर्ग एकच ठेवावा, आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी आठवड्याला दोन जादा तास त्याच प्राध्यापकांनी घ्यावेत. यासाठी प्राध्यापकांचा वेळ लागेल, त्या वेळेचा मोबदला लागेल, आणि विद्यार्थ्यांना शेवटची एसटी चुकवून चालणार नाही म्हणून ते तास सकाळी ठेवावे लागतील. अडचणी आहेत; परंतु त्या वेळापत्रकाच्या आहेत, विद्यार्थ्यांच्या बुद्धीच्या नाहीत. जूनमध्ये नवे वेळापत्रक लागण्यापूर्वी प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांनी एकदा एकत्र बसून या प्रश्नाचा विचार करावा, आणि त्या बैठकीला मराठी माध्यमातून आलेल्या चार-दोघांना आवर्जून बोलवावे, एवढीच विनंती.